चार शेरांची एक पायली

मुलांनो,

तुमच्या पत्रांच्या गठ्ठ्यात परवा वहीचं पान फाडून लिहिलेलं एक पत्र निघालं. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातून आलेलं. लिहिणारी मुलगी आठवीत शिकते. 'नाव छापू नका' असं तिनं दोनदा अधोरेखित केलंय, तेव्हा नाव राहू द्या. पत्र मात्र वाचा :

'ताई, माझा जन्म २९ फेब्रुवारी २०१२ चा. आमच्या शाळेत परिपाठाला फळ्यावर ज्याचा वाढदिवस असेल त्याचं नाव लिहितात. मला आठवतं तसं माझं नाव एकदाच लागलं, २०२४ ला. वर्गातली पोरं मला तीन वर्षांची म्हणतात आणि अंगणवाडीत जाऊन बस म्हणतात. आई २८ ला औक्षण करते. आजी म्हणते तिथीनं करा. आता मामा म्हणतात, दहावीचा फॉर्म भरायच्या आधी तारीख १ मार्च करून घ्या, नाहीतर पुढं कॉम्प्युटर तारीख घेत नाही अन् कटकट होते. बाबा नुसतं बघू म्हणतात. मला माझ्या तारखेचा राग येतो, पण बदलायची म्हटलं की रडू येतं. हा दिवस असा अर्धवट का आहे? आणि मी काय करू?'

आहे की नाही नेमका प्रश्न? बाई गं, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी पहिल्याचं देते. 'अर्धवट' या शब्दावरच मी अडून बसले आहे.

तुझ्या आजीला विचार, पूर्वी खळ्यावर ज्वारी कशानं मोजायचे? ती सांगेल, पायलीनं. चार शेरांची एक पायली. आता अशी कल्पना कर, की पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी मारायला लागणारा वेळ म्हणजे ज्वारीची एक रास आहे. एक दिवस म्हणजे एक पायली. मोजायला बसलो. एक, दोन, तीन... तीनशे पासष्ट पायल्या भरल्या, तरी तळाशी शेरभर ज्वारी शिल्लक! शेरभर म्हणजे पाव दिवस, सहा तास. आता या शेरभर ज्वारीचं काय करायचं? वर्ष काही सकाळी सहा वाजता संपवता येत नाही. मग माणसानं युक्ती काढली. पहिल्या वर्षी उरलेला शेर बाजूला ठेवला. दुसऱ्या वर्षीचा त्यात टाकला, तिसऱ्याचा टाकला, आणि चौथ्या वर्षी चार शेर जमून पायली काठोकाठ भरली. ती पायली म्हणजे २९ फेब्रुवारी.

म्हणजे बघ, बाकीचे दिवस आपापल्या वर्षाचे आहेत. हा एकटाच चार वर्षांचा साठवून केलेला. त्याला अर्धवट कसं म्हणायचं?

आता कुणी विचारेल, ही पायली फेब्रुवारीतच का ओतली? डिसेंबरात का नाही? त्याचं कारण रोममध्ये सापडतं. जुन्या रोमन लोकांचं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. खोटं वाटत असेल तर महिन्यांची नावं मोठ्यानं म्हणून बघा. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. ऐकू आलं का काही? सप्त, अष्ट, नव, दश! लॅटिन आणि संस्कृत या एकाच घराण्यातल्या भाषा, त्यामुळे आकडे सख्ख्या बहिणींसारखे. मार्चपासून मोजलं तरच सप्टेंबर सातवा येतो. मग फेब्रुवारी आला शेवटी. जमाखर्चाचा कमीजास्त हिशेब शेवटच्या पानावरच करतात ना, तसं.

आणखी एक गंमत सांगते. रोमन लोकांकडेसुद्धा पूर्वी आपल्यासारखा अधिक महिना होता. तो कधी घालायचा हे तिथले मुख्य पुजारी ठरवायचे, आणि त्यात भलतंच राजकारण चालायचं. आपला माणूस अधिकारावर असला की महिना घालून त्याचं वर्ष लांबवायचं. नावडता असला की महिना गाळायचा. असं करता करता कॅलेंडर आणि ऋतू यांची पार फारकत झाली. शेवटी जुलियस सीझरनं अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिस नावाच्या जाणकाराचा सल्ला घेऊन इसवी सनापूर्वी ४६ मध्ये सगळं नीट लावायला घेतलं. मागची थकबाकी भरून काढायला ते एक वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं! आणि पुढं दर चौथ्या वर्षी एक दिवस जास्तीचा, असा नियम झाला.

सीझर थोड्याच दिवसांत मारला गेला. मग रोमच्या पुजाऱ्यांनी काय केलं असेल? 'दर चौथ्या वर्षी' म्हणजे त्यांनी ज्या वर्षापासून मोजायला सुरुवात केली तेच पहिलं धरलं. एक, दोन, तीन, चार. म्हणजे प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी दिवस घातला. ही चूक लक्षात आली तेव्हा तीसेक वर्षं उलटली होती. ऑगस्टस बादशहानं मग काही लीप वर्षं गाळून हिशेब सरळ केला. पहिला दिवस मोजायचा की सोडायचा, हा घोळ लक्षात ठेवा. पुढे माझ्या घरच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

आता त्या शेराकडे परत वळू. खळ्यावरचा जाणता माणूस म्हणेल, 'अहो, शेर पुरा भरत नाही. चिमूटभर कमी आहे.' खरंच कमी आहे. पृथ्वीची फेरी ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि सुमारे ४६ सेकंदांची. म्हणजे सहा तासांना सव्वाअकरा मिनिटं कमी. चिमूटच ती, पण दरवर्षीची चिमूट. १२८ वर्षांत तिचा एक अख्खा दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत कॅलेंडर दहा दिवस चुकलं होतं. म्हणून १५८२ मध्ये पोप तेरावा ग्रेगरी यानं आज्ञा काढली : ४ ऑक्टोबर, गुरुवार, याच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर, शुक्रवार. मधले दहा दिवस गायब! इंग्लंडनं हे मानायला १७५२ साल उजाडलं. तोवर चूक अकरा दिवसांची झाली होती. तिथे २ सप्टेंबरला झोपलेले लोक १४ सप्टेंबरला उठले. मुंबई तेव्हा इंग्रजांकडे होती, त्यामुळे तो कायदा मुंबईलाही लागू होता. इकडे पुण्यात नानासाहेब पेशव्यांचे कारकून मात्र आपल्या तिथी शांतपणे लिहीत बसले होते!

पुन्हा अशी चूक होऊ नये म्हणून ग्रेगरीच्या मंडळींनी नियमाला एक शेपूट जोडलं. शतकाचं वर्ष असेल तर त्याला नुसत्या ४ नं नव्हे, ४०० नं भाग गेला पाहिजे. म्हणून २००० हे लीप वर्ष होतं, १९०० नव्हतं, आणि २१०० नसेल. चारशे वर्षांत ९७ लीप दिवस, शंभर नाहीत.

या शेपटाचा फटका आपल्या एका पंतप्रधानांना बसला. मोरारजी देसाई. गुजरातेत वलसाडजवळच्या भदेली गावी २९ फेब्रुवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. चार वर्षांनी त्यांचा पहिला वाढदिवस यायचा, तर ते साल नेमकं १९००! वाढदिवस आलाच नाही. पोरगा आठ वर्षांचा झाला तेव्हा, १९०४ मध्ये, पहिल्यांदा खरी तारीख उगवली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईत गोळीबार झाला तेव्हा मुख्यमंत्री मोरारजीच होते. त्यामुळे तुमच्या आजोबांच्या पिढीचा त्यांच्यावर राग, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. पण वाढदिवसाच्या बाबतीत मला त्यांची दयाच येते. १९६८ साली ते उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री होते, आणि देशाचा अर्थसंकल्प त्यांनी मांडला तो २९ फेब्रुवारीला. बहात्तराव्या वर्षी सतरावा वाढदिवस, आणि दिवसभर आकडेमोड! १९९५ च्या एप्रिलमध्ये ते गेले तेव्हा वयाची ९९ वर्षं पुरी झाली होती आणि खरे वाढदिवस झाले होते अवघे तेवीस.

तेव्हा बाई, वर्गातल्या पोरांना सांग, 'तीन वर्षांच्या' माणसाला अंगणवाडीत पाठवणार असाल, तर पंतप्रधान होताना मोरारजी एकोणीस वर्षांचे होते. त्यांना मतदानाचाही अधिकार नव्हता, कारण १९७७ साली तो एकविसाव्या वर्षी मिळायचा!

जगात या दिवसाचे नाना कौतुकाचे प्रकार आहेत. आयर्लंडमध्ये म्हणे या दिवशी मुलीनं मुलाला लग्नाची मागणी घालायची. फ्रान्समध्ये एक वर्तमानपत्र आहे, १९८० पासून ते फक्त २९ फेब्रुवारीला निघतं. चार वर्षांतून एक अंक! (आमच्या संपादकांना हे सांगू नका. दर आठवड्याला लेख मागायला येतात, त्यांना ही कल्पना फार आवडेल. मलाही.)

पण खरी मजा आपल्याच घरात आहे. आपल्याकडे जास्तीचा दिवस नाही, आपल्याकडे जास्तीचा महिना. धोंड्याचा महिना!

आपले महिने चंद्राचे. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत एक महिना. असे बारा महिने मोजले की ३५४ दिवस होतात. सूर्याच्या वर्षाला साधारण अकरा दिवस कमी. इथं रोमन लोकांसारखा शेरभर फरक नाही, दरवर्षी अकरा पायल्यांचा आहे! तीन वर्षं दुर्लक्ष केलं तर महिनाभराचं अंतर पडतं. म्हणून साडेबत्तीस महिन्यांच्या आसपास एक महिना अधिक धरतात. कुठला? तर ज्या चांद्र महिन्यात सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जात नाही, म्हणजे ज्यात संक्रांतच येत नाही, तो. त्याला पुढच्या महिन्याचं नाव देऊन आधी 'अधिक' लावतात. मग अधिक श्रावण संपला की निज श्रावण.

हा हिशेब तुळजापूरला जाणाऱ्यांनी तर दरवर्षी पाहिलेला असतो. घटस्थापनेच्या तारखाच बघा. २०१९ ला २९ सप्टेंबर. २०२० मध्ये अधिक आश्विन आला आणि घट बसले थेट १७ ऑक्टोबरला. सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी नवरात्र सुरू होतं हे आपलं गणित. त्या वर्षी अमावास्या झाली आणि देवीची वाट महिनाभर बघावी लागली. पुढे २०२१ ला ७ ऑक्टोबर, २०२२ ला २६ सप्टेंबर. बघा कसं दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतंय! २०२३ ला अधिक श्रावण आला आणि पुन्हा उडी, १५ ऑक्टोबर. जास्तीचा महिना नसता तर? तर नवरात्र मागे मागे सरकत भर उन्हाळ्यात गेलं असतं आणि दिवाळी पेरणीच्या दिवसांत आली असती. वर्गातल्या एखाद्या मुसलमान मित्राला विचारा. त्यांच्या कॅलेंडरात अधिक महिना नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, आणि तेहतीसएक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. त्याच्या आजोबांनी कडक उन्हाळ्यातले रोजेही धरलेत आणि थंडीतलेही.

धोंड्याच्या महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, घरभरणी नाही. मग महिनाभर करायचं काय? तर लेक-जावयाला जेवायला बोलवायचं! पुरण भरून कणकेचे धोंडे करायचे, वर तुपाची धार. जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, त्यावर दिवा. अनारसे नाही जमले तर बत्तासे. जाळीदार काहीतरी पाहिजे. तेहतीसच का, तर कुणी म्हणतं तेहतीस कोटी देव, कुणी म्हणतं तेहतिसाव्या महिन्यात येतो म्हणून. मला दुसरं पटतं. सासरी दिलेली लेक माहेरी यायला कॅलेंडरातली ही चूक-दुरुस्ती किती उपयोगी पडलीय, याचा हिशेब कुठल्याच ज्योतिषानं केलेला नाही.

अशाच एका धोंड्याच्या महिन्यात माझी आई जन्मली. आणि तिला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती.

हसू नका. तुमच्या घरातल्या सत्तरीच्या पुढच्या माणसांचं आधार कार्ड बघा. गावाकडच्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून निघेल. एवढी माणसं एकाच दिवशी जन्मली का? नाही हो. पूर्वी बाप पोराला शाळेत घालायला न्यायचा. गुरुजी विचारायचे, 'जन्म कधीचा?' बाप म्हणायचा, 'बेंदरानंतरचा,' नाहीतर 'मोठा पूर आला त्या साली.' गुरुजी पोराच्या उंचीकडे बघून साल ठरवायचे, आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून लिहून टाकायचे, १ जून. आईच्या दाखल्यावर गुरुजींनी लिहिलं १ जून १९४८. ती पुढं स्वतः शिक्षिका झाली, शेकडो पोरांच्या तारखा तिनं नीट विचारून लिहिल्या, आणि स्वतः मात्र दुसऱ्याच तारखेवर नोकरी केली. १ तारखेला जन्मलेला नोकरदार आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून ३१ मेला शाळाशाळांतून निरोप समारंभांची नुसती झुंबड असते. आईलाही ३१ मे २००६ रोजी शाल-श्रीफळ मिळालं.

त्या दिवशी घरी आल्यावर ती म्हणाली, 'आज माझं वय झालं म्हणे. पण माझं वय नक्की किती आहे गं?'

तेव्हा मी शोधायला बसले. हाताशी होतं काय? फक्त माझ्या आजीचं बोलणं. आजी तेव्हा हयात नव्हती, पण ती गोष्ट तिनं आम्हाला इतक्यांदा सांगितली होती की तोंडपाठ होती. ती आईला म्हणायची, 'तू धोंड्याच्या सरावणात झालीस. सोमवार हुता, मला उपास. अन् तुझ्या बारशाला गावात चार पोरांनी तिरंगी झेंडा लावला. पोलीस आले. पाळणा तसाच हलता ठेवून बायका घरात पळाल्या.'

इतकंच. पण इतकं पुष्कळ होतं!

आजीचं गाव जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं. तिथं निजामाचं राज्य. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत, मुंबईत, शेजारच्या सोलापुरात झेंडे लागले, पण आपल्याकडे नाही. आपण स्वतंत्र झालो १७ सप्टेंबर १९४८ ला, तेरा महिन्यांनी. मग मराठवाड्यातल्या खेड्यात पोलिसांना न जुमानता तिरंगा लावायचा दिवस कोणता असेल? माझा अंदाज धावला १५ ऑगस्ट १९४७ कडे. पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. त्या दिवशी धोंड्याचा श्रावण होता का?

आमच्या एका नातेवाइकांकडे जुन्या पंचांगांचा गठ्ठा होता. शके १८६९ चं पंचांग काढलं. पानं हातात तुटत होती. श्रावण उघडला, आणि वर छापलेलं होतं 'अधिक'. मुलांनो, आपला देश स्वतंत्र झाला तो धोंड्याच्या महिन्यात, हे तोवर मला ठाऊकच नव्हतं! १५ ऑगस्ट, शुक्रवार, अधिक श्रावण. दुसऱ्या दिवशी अमावास्येला तो महिना संपला.

आता बारसं. ते अधिक महिना म्हणून अडत नाही. पोर काही थांबून राहत नाही, तसं बारसंही. बाराव्या दिवशी बारसं. १५ तारखेतून बारा वजा केले की येते ३ ऑगस्ट. वार बघितला, रविवार! आणि आजी तर म्हणायची सोमवार. माझं तोंड उतरलं. आजीची आठवण चुकली असेल का? की झेंडा दुसऱ्याच कुठल्या दिवशी लागला होता?

पाच मिनिटांनी माझी मीच कपाळावर हात मारून घेतला. रोमच्या पुजाऱ्यांचा घोळ! बारसं मोजताना जन्माचा दिवस पहिला धरतात. ४ ऑगस्ट हा पहिला दिवस, ५ हा दुसरा... आणि १५ हा बारावा. ४ ऑगस्ट १९४७ ला वार होता सोमवार.

आजी कधी शाळेत गेली नव्हती. वार, महिना आणि झेंडा, या तीन खुणा तिनं जपून ठेवल्या होत्या आणि तिन्ही एकमेकींत बरोब्बर बसल्या. निजामाच्या कागदांत तेव्हा फसली सन चालायचा, महिने आजूर, दै, बहमन असे फारसी. त्या हिशेबानं साल होतं १३५६ फसली. पंचांगात शके १८६९. शाळेच्या दाखल्यात १९४८. आणि आजीच्या बोलण्यात, 'झेंडा लावला त्या साली.' यांतलं चुकलं होतं फक्त दाखल्यातलं.

मी धावत जाऊन आईला सांगितलं. मला वाटलं होतं तिला रडू येईल. ती बोटं मोजत बसली आणि दचकून म्हणाली, 'अगं, म्हणजे मी गेल्या ऑगस्टलाच अठ्ठावन्नची झाले! सरकारचा नऊ महिन्यांचा पगार जास्त खाल्ला की मी!' दोन दिवस तिला तीच चिंता. तिसऱ्या दिवशी देवासमोर बसली असताना हळूच म्हणाली, 'सोमवार. मला सोमवार नेहमीच आवडायचा.'

तर लोहाऱ्याच्या माझ्या मैत्रिणी, आता तुझा दुसरा प्रश्न.

तारीख बदलू नकोस. मामांना सांग, ताईंनी नाही म्हटलंय. कॉम्प्युटरचं ते म्हणतात त्यात तथ्य नाही असं नाही. तू जन्मलीस त्याच दिवशी, २९ फेब्रुवारी २०१२ ला, मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीची अझ्यूर नावाची सेवा जगभर कोलमडली होती. कारण काय, तर त्यांच्या यंत्रणेनं आजच्या तारखेत एक वर्ष मिळवलं आणि २९ फेब्रुवारी २०१३ ही तारीख शोधत बसली! चूक तारखेची नव्हती, हिशेब लिहिणाऱ्याची होती. त्यांनी आपला हिशेब दुरुस्त केला, फेब्रुवारी नाही बदलला. तुझ्या फॉर्मवर कुणी अडलं तर त्यांनाही तेच करायला लावायचं. जन्माचा दाखला जपून ठेव. दहावीच्या प्रमाणपत्रावर जी तारीख पडते ती जन्मभर सोबत येते आणि मग बदलायला फार खेटे पडतात. खोटी तारीख पडली तर पुढं तुझ्या लेकीला पंचांगं धुंडाळत बसावं लागेल, आणि तिच्याकडे झेंड्याची खूण नसेल.

राहिला वाढदिवस २८ चा की १ चा. न्यूझीलंडचा कायदा २८ फेब्रुवारी म्हणतो, इंग्लंडचा १ मार्च. आपण सूर्यालाच विचारू. समज, तू सकाळी दहाला जन्मलीस. पृथ्वी एक फेरी पुरी करून त्याच जागी आली कधी? ३६५ दिवस आणि पावणेसहा तासांहून किंचित जास्त वेळानं, म्हणजे २८ फेब्रुवारी २०१३ ला दुपारी पावणेचारच्या सुमारास. पुढच्या वर्षी २८ फेब्रुवारीलाच, रात्री साडेनऊनंतर. त्याच्या पुढच्या वर्षी मध्यरात्र उलटली, १ मार्चच्या पहाटे साडेतीनच्या आसपास. आणि चौथ्या वर्षी, २०१६ ला, २९ फेब्रुवारीच्या सकाळी सव्वानऊला. म्हणजे पहिली दोन वर्षं आई बरोबर, तिसऱ्या वर्षी मामा बरोबर. तुझी जन्मवेळ आईला विचार आणि हाच हिशेब तू स्वतः करून बघ. परिपाठाच्या गुरुजींना तो दाखव आणि सांग, फळ्यावर माझं नाव वेळेसकट लिहा.

आजी म्हणते तिथीनं कर, तर तेही करून टाक. दोनदा गोड मिळत असेल तर का सोडा?

अधिक श्रावण २०२३ मध्ये पुन्हा आला होता. सूर्य-चंद्राच्या हिशेबाचं चक्र एकोणीस वर्षांनी जुळतं. १९४७ पासून त्याच्या चार फेऱ्या २०२३ ला पुऱ्या झाल्या. आई शहात्तर वर्षांची झाली होती. ४ ऑगस्टला आम्ही तिला पाटावर बसवलं आणि ताटात धोंडे वाढले. 'अगं, हा जावयाचा मान!' म्हणून ती लाजली. मग तिनं तीन धोंडे खाल्ले.

आता नेहमीसारखं एक कोडं. २९ फेब्रुवारी २०९६ ला जन्मलेल्या बाळाची खरी तारीख पहिल्यांदा कधी उगवेल? त्या दिवशी त्याचं वय किती असेल? आणि दुसरं, जरा अवघड : सरकारी नोकर अठ्ठावन्नाव्या वर्षी, जन्ममहिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो असं धरा. मग २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या नोकराचा निरोप समारंभ २९ फेब्रुवारीला कधी होऊ शकेल का? कारणासकट लिहा. आणि पत्रात तुमच्या आजी-आजोबांच्या जन्माच्या खुणाही कळवा. तारीख नको, ती १ जून आहे हे मला माहीत आहे!